फुंकरीची परीक्षा

माझ्या नातीला ऐकू येतं की नाही, हे मी तिच्या कानात फुंकर मारून ठरवलं होतं. एकदा नाही, तीन वर्षं. आणि ज्यांना शंका होती त्यांना, म्हणजे मुख्यतः तिच्या आईला, गप्प बसवलं होतं. तेव्हाची मी मला आजही स्पष्ट दिसते. पन्नाशीची बाई, तोंडात सुपारी, आवाज साऱ्या मोहल्ल्यात पोचेल असा, आणि जगातल्या यच्चयावत प्रश्नांची उत्तरं तयार. कोणी विचारलं नाही तरी द्यायची. अशा बाईला घरातले लोक घाबरतात आणि बाहेरचे लोक हुशार म्हणतात. मी दोन्हींना मानच समजत होते.

झालं असं की बारशाला बाळाचं नाव कानात सांगून ‘कुर्रर्र’ करायचा मान आत्याचा. मला मुलगी नाही. एकच मुलगा, जंगलखात्यात, नोकरी बैहरला, शनिवारी संध्याकाळच्या जीपनं घरी यायचा. त्याला मी बायको केली ती माझ्या सख्ख्या भावाची मुलगी, राजेगावची. आमच्यात मामाची मुलगी हक्काची. बाहेरची पोरगी आणा, तिचा स्वभाव पाहा, तिच्या आईचा स्वभाव पाहा, कोणी सांगितलं? ही माझ्या मांडीवर मुतलेली पोर. मला आत्या म्हणायची, लग्न झाल्यावरही आत्याच म्हणत राहिली. मग तिच्या बाळाला आत्या कुठून आणायची? मी म्हटलं, आईची आत्या ती लेकीचीही आत्या, चला, व्हा बाजूला.

पाळण्यावर वाकले, नाव सांगितलं आणि केलं लांबलचक कुर्रर्र. बाळ दचकलं, डोळे मोठे केले, तोंड वेडंवाकडं करून हसल्यासारखं केलं. बायकांनी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाधप गुद्दे घातले. मी पाठ चोळत ओरडले, “पाहा वो, कशी दचकली! कान किती तेज आहेत पोरीचे!”

ते माझं पहिलं निदान.

सून मुळातच कमी बोलायची. माझ्या घरात बोलायला जागा तरी कुठे होती. पण बाळ चार-पाच महिन्यांचं असताना एका सकाळी तिच्या हातून पितळेची परात फरशीवर पडली. मी स्वयंपाकघरात असूनही माझे दात शिवशिवले. सून मात्र परातीकडे न पाहता झोळीकडे पाहत उभी. बाळ झोपलेलं. पापणीसुद्धा हलली नाही.

“आत्या,” ती म्हणाली, “हे आयकत नाही वाटते.”

“काहून नाही आयकत? झोपलं आहे ते. तुह्यासारखं चोवीस तास कान टवकारून बसंल का?”

“कुकरच्या शिटीनं बी उठत नाही. रोज पाहून राह्यली मी.”

“मोठी डाक्टरीनबाई,” मी म्हटलं, आणि झोळीपाशी गेले. बाळाला उठवलं, मागून कानाशी तोंड नेलं आणि कुर्रर्र. बाळ खदखदून हसलं. मानेला गुदगुल्या झाल्यासारखं खांदा उचलून हसलं. मी सुनेकडे असं पाहिलं जसं कोर्टात केस जिंकली.

त्यानंतर ती परीक्षा घरातली पद्धतच झाली. शेजारची बाई एकदा म्हणाली, “अम्मा, बच्ची तो पलट के देखती ही नहीं, मैं कब से बुला रही।” झालं, मी पोरगी उचलली, तिच्यासमोर कुर्रर्र, पोरगी हसली, शेजारीण चूप. बैहरहून मुलगा आला आणि दबकत म्हणाला, आई, एकदा नागपूरला दाखवू का. पुन्हा कुर्रर्र. तोही चूप. त्याला चूप व्हायला नेहमीच थोडंसंच निमित्त लागायचं, माझंच पोर.

पोरगी दोन वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा मी दुसरं उत्तर काढलं. बोलायला वेळ लागतो काहींना. अडीचची झाली. मग तिसरं. सून पोटुशी असताना, दिवाळीच्या दिवसांत सूर्यग्रहण लागलं होतं. सगळ्यांना बाहेर पडायला मनाई, पोटुशीला तर चाकू-विळीला हात लावायलाही मनाई. आणि हिनं दुपारच्या भाजीला वांगी चिरली होती. मी स्वतः पाहिलं होतं. तेव्हा ओरडले होते, नंतर विसरले होते, आणि आता गरज पडली तशी आठवण काढली. तोंडावर म्हटलं नाही. पण ओसरीवर कोणी बाई येऊन बसली की मी आवाज बारीक करून सांगायची, “काय सांगू बाई, ग्रहणात वांगे चिरले तिनं. जिभेवर वार पडला पोरीच्या.” माझा बारीक आवाज म्हणजे इतरांचा मोठा. सून आतल्या खोलीत असायची. तिचे कान मात्र खरंच तेज होते.

मग चौथं उत्तर माझ्या नातेवाईकांनी काढलं आणि मी आनंदानं स्वीकारलं. पोरीच्या डोक्यातच कमी आहे. हे म्हणायला सोपं होतं, कारण मग कोणालाच काही करायचं नव्हतं.

आता मला त्याची सगळ्यात जास्त लाज वाटते, कारण पोरगी रोज माझ्या नाकासमोर उलटा पुरावा देत होती. तिनं स्वतःच्या मनानं खुणा बनवल्या होत्या. दोन्ही खांदे हलवले की हिंदकळणारी बस. डोक्यावर पंजा ठेवला की तिचा बाप, त्याच्या टोपीमुळे. नाकाची चिमूट धरली की आमच्या गल्लीतली नाली. आणि गाल फुगवून जोरात ‘फू’ केलं की मी. मला वाटायचं पोरगी वेडावते. एकदा चिडून मी तिच्या गालावर चापट मारली. ती मला हाक मारत होती. तिच्या भाषेत माझं नाव तेच होतं, कारण जन्मल्यापासून मी तिच्याशी दुसरं काही केलंच नव्हतं.

तीन वर्षं उलटल्यावर एक दिवस गल्लीत जीप मागे येत होती. पोरगी पाठ करून मातीत बसलेली. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. मी ओसरीवरून ओरडत होते, शेजारीण ओरडत होती, आणि पोरगी शांतपणे मातीचा लाडू वळत होती. सून आतून आली ती न ओरडता सरळ धावत गेली. चाक आणि पोरगी यांच्यात हातभर जागा उरली होती. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, “बहरी है क्या? कब से हॉर्न मार रहा हूँ!”

“हौ,” सून म्हणाली. “बहरी है.”

तिनं ते पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. त्याच आठवड्यात तिनं नवऱ्याला रजा घ्यायला लावली आणि आम्ही नागपूरला गेलो. मी कशाला गेले? आपली परीक्षा खरी ठरते हे पाहायला. असा माझा आत्मविश्वास.

दवाखान्यात एक लहानशी खोली होती, भिंतींना जाड कापड लावलेलं. कान तपासणारी मुलगी माझ्या सुनेच्याच वयाची असावी. तिनं नातीसमोर रंगीत ठोकळे ठेवले आणि मागून वेगवेगळे आवाज केले. घंटी, खुळखुळा, शेवटी ढोलकी. नात ठोकळ्यावर ठोकळा चढवत राहिली. माझ्यानं बसवेना. मी म्हटलं, “बाई, तुमच्या वाजवण्यानं नाही होत तिले. लक्षच नाही देत ते. मी दाखवतो कसं आयकते.” घाईत मी ‘दाखवतो’ म्हटलं, आमच्याकडे बायका चिडल्या की तसंही बोलतात. गेले मागून, कुर्रर्र. पोरगी खांदा उचलून हसली.

“पहा!” मी म्हटलं.

त्या मुलीनं टेबलावरचा एक पुठ्ठा उचलला, औषधाच्या खोक्याचा असेल, आणि नातीच्या कानाच्या आणि माझ्या तोंडाच्या मध्ये उभा धरला. “आता करा, आजी. तेवढ्याच जोरात.”

मी केलं. पोरगी ठोकळे रचत राहिली.

“अजून जोरात.”

मी केलं. माझा घसा बसेपर्यंत केलं. त्या कापडाच्या खोलीत माझा आवाज मलाच परका वाटायला लागला. मग तिनं पुठ्ठा बाजूला घेतला आणि म्हणाली, “आता आवाज नको. नुसती फुंकर.” मी फुंकर मारली. पोरगी हसली.

सून भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. ती माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हती; पोरीकडे पाहत होती, जसं काही तिला पुढची कामं मोजायची होती.

छातीवर डबी आणि कानांत दोन वायरी असलेलं ऐकायचं मशीन मिळालं. नागपूरच्याच, न ऐकणाऱ्या पोरांच्या एका शाळेतली मास्तरीण म्हणाली, शिकवू, पण वेळ गेला बराच. बोलणं शिकायचं कोवळं वय असतं, पहिली दोन-तीन वर्षं. त्यात भाषेचा मागमूस नसला तर पुढे फार जड जातं. बोलणं नाही तर नाही, हातांची भाषा तरी लवकर द्यायला हवी होती. ती हे सुनेला सांगत होती. तिला काय माहीत, ती तीन वर्षं कोणी खाल्ली.

घरी परत आलो आणि मी काय केलं सांगू? शाळेला विरोध. नागपूरला कोण राहणार, खोली कोण पाहणार, आणि पोरीच्या डोक्यात जर कमी असेल तर शिकून काय उपयोग? भावानंही राजेगावहून तेच सांगून पाठवलं. मुलगा नेहमीसारखा दोन्हीकडे मान हलवत राहिला. सून महिन्यातून एकदा पोरीला घेऊन जायची, मास्तरीण दाखवेल ते पाहून यायची आणि घरी करायची. पोरीचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून ‘आ’ म्हणायची. पोरगी ‘आ’ म्हणायची, पण तिचा ‘आ’ गाईच्या हंबरण्यासारखा निघायचा आणि ओसरीवरच्या बायका माझ्याकडे पाहायच्या. मग मी दार लोटून घ्यायची.

अशीच काही वर्षं गेली. पोरगी सात वर्षांची झाली, कामचलाऊ पाच-पन्नास खुणा आणि आईशिवाय कोणाला न कळणारे दोन-चार शब्द, एवढ्यावर. तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता रक्ताची एक नवी तपासणी निघाली आहे. बाहेर पाठवावं लागतं. त्यातून कळेल की बिघाड फक्त कानाचा आहे की आणखी कशाचा. फक्त कानाचा असला तर पोरीचं डोकं शाबूत, तिच्यावर घेतलेली मेहनत वाया जाणार नाही. सुनेला हेच हवं होतं. एक शब्द, जो ती घरात आणून माझ्यासमोर ठेवू शकेल. तिघांचं रक्त दिलं. पोरीचं, तिचं, मुलाचं. डॉक्टरांनी विचारलं, “घराण्यात आधी कोणी असं? न ऐकणारं, न बोलणारं?”

मी पटकन म्हटलं, “नाही हो. आमच्याकडे सगळे कानाचे तेज.”

रिपोर्ट ऐकायला सून आणि मीच गेलो होतो, पोरगी मध्ये. डॉक्टर माणूस चांगला, वेळ देणारा. त्यानं कागदावर गोगलगाईच्या शंखासारखं काहीतरी काढलं. म्हणाला, हा आतला कान. हा आईच्या पोटात पहिल्या काही महिन्यांतच वळून तयार होतो. त्याच्या आत बारीक केसाळ पेशी, आवाजानं त्या हलतात. पण नुसतं हलून भागत नाही. कानाला स्वतःची बॅटरी लागते, आणि ती एका क्षारावर चालते, मिठासारख्या. हा क्षार एका पेशीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा फिरत राहायला पाहिजे. त्यासाठी पेशींच्या भिंतींत दारं असतात, डोळ्यांनी न दिसणारी. “तुमच्या नातीच्या कानात सगळं बांधकाम आहे. ही दारं नाहीत.”

“काहून नाही?” सुनेनं विचारलं.

“दार कसं बनवायचं ते शरीरात लिहिलेलं असतं. दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. त्या लिखाणात एक अक्षर चुकलं, आणि चुकलं तेही असं की सुरुवातीलाच पूर्णविराम पडला. पुढचं वाचलंच जात नाही. एक प्रत चुकली तर दुसरीवर काम चालतं, ऐकू येतं, कळतही नाही. तुम्हाला आहे तसं. तुमच्या मिस्टरांना आहे तसं. हिला दोन्ही चुकलेल्या मिळाल्या.”

मग सून अगदी हळू म्हणाली, “डॉक्टरसाहेब, ग्रहणात मी वांगे चिरले होते.”

मी खाली फरशीकडे पाहिलं. तिनं ते सात वर्षं पोटात ठेवलं होतं.

डॉक्टर हसला नाही. त्यानं विचारलं कितवा महिना होता, आणि म्हणाला, “तोपर्यंत कान बनून गेला होता, ताई. आणि अक्षर तर त्याच्याही आधीचं. तुमच्या हातानं काही झालेलं नाही.” मग माझ्याकडे वळला. “परीक्षेत दोन पोरांनी एकाच प्रश्नाला एकच चुकीचं उत्तर लिहिलं, तर मास्तर काय समजतो? कोणीतरी एकच मूळ आहे. तुमच्या मुलाची आणि सुनेची चूक अगदी एका जागची आहे, आजी. बहुतेक ती तुमच्या माहेरच्या एकाच माणसाकडून तुम्हा बहीणभावांत उतरली असावी. आणि महत्त्वाचं म्हणजे, हा बिघाड फक्त कानाचा. पोरीच्या बुद्धीला काही नाही. ही पोरगी शिकू शकते.”

पोरगी त्याच्या टेबलावरची पेन उलटीपालटी करून पाहत होती. तिनं मला पाहिलं आणि गाल फुगवले.

परतीच्या बसमध्ये सून खिडकीशी, पोरगी तिच्या मांडीवर झोपलेली. राज्याच्या सीमेवरच्या राजेगाव नाक्यावर ट्रकांची रांग लागली आणि बस उभी राहिली. तिथून माझ्या माहेरची वाट दिसते. तिचंही तेच माहेर. मी डॉक्टरांना जे सांगितलं नव्हतं ते तिला तिथे सांगितलं, कारण आता लपवून कोणाला वाचवायचं होतं?

आमच्या घरी एक बाई होती. माझ्या वडिलांची बहीण, माझी आत्या. सुनेच्या जन्माच्या कितीतरी आधी गेली. तिचा फोटो नाही, श्राद्धाला नाव नाही, म्हणून सुनेला माहीत नव्हतं. सगळे तिला मुकी म्हणायचे. गोठ्याचं सगळं काम तीच करायची. तिला ऐकू येत नव्हतं, आणि डोकंही नाही असं आम्ही ठरवून टाकलं होतं. तिला बोलवायचं असलं की आम्ही पोरं लांबून खडा मारायचो. ती वळायची आणि हसायची. मी तिची नक्कल फार छान करायची. पाहुणे आले की वडील मला ती करून दाखवायला लावायचे.

“मंग गेल्या कशा?” सुनेनं विचारलं.

मी सांगितलं. एका दुपारी ती पोटावर हात ठेवून स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसली. आईनं मला म्हटलं, भूक लागली तिले, भात दे. मी दिला. तिनं ताट सरकवलं आणि पुन्हा पोटावर हात. मला वाटलं भाजी पाहिजे. भाजी दिली. ती तोंडानं काहीतरी आवाज करायला लागली, आणि मी, नऊ-दहा वर्षांची कारटी, तिच्यासमोर तसाच आवाज काढून हसले. ती संध्याकाळपर्यंत तिथेच वाकून बसली होती, पुढ्यात भात. दुसऱ्या दिवशी गोठ्यात सापडली. काय झालं होतं कोणाला कळलं नाही. तिचं डोकं शाबूत होतं, हे मला आज कळलं, नागपूरला, तिच्या मरणानंतर जवळपास एका जन्मानं.

बस सुरू झाली. सुनेनं पोरीच्या कपाळावरचे केस मागे केले. मला वाटलं ती आता मला वांग्यांबद्दल बोलेल, तीन वर्षांबद्दल, ओसरीवरच्या बायकांबद्दल. मी मान खाली घालून तयार बसले होते. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली:

“आत्या, सोमवारपासून पोरगी नागपूरच्या शाळेत राहीन, आन् तिच्यासंग मी नाही, तुमी राहायचं. मास्तरीन जे हात शिकवते ते पहिले तुमी शिका. मले म्हणायचं नाही का म्हातारपणी जमत नाही. बाकी काही नाही शिकली तं नाही शिकली पोरगी. पण पोट दुखून राह्यलं तं एवढं तिले सांगता आलं पाह्यजे, आन् तुमाले ते समजलं पाह्यजे.”